पेंग्विनचं पिलू मलेरियानं मेलं, तरी रक्ताची स्लाइड निल कशी?

गोदाकाठ (नाशिक): पक्ष्यांच्या मलेरियावर सेमिनार आहे. पिलाच्या रक्तात काही दिसत नाही आणि शवविच्छेदनात मलेरिया निघतो, हे कसं? आईच्या अँटिबॉडी अंड्यातून मिळतात, त्या कमी पडतात का? आणि स्लाइडचा सराव इथल्या कबुतरांवर केला तर चालेल ना?

स्लाइडवाला: माणसाचा मलेरिया डोक्यातून काढा. माणसात यकृतातला टप्पा गुपचूप उरकतो, पेंग्विनमध्ये ऊतकातला टप्पाच जीव घेतो. पक्ष्यांच्या मलेरियाचा परजीवी प्लास्मोडियम रेलिक्टम फुप्फुस, यकृत, प्लीहेतल्या केशवाहिन्यांच्या अस्तरात वाढतो, शायझाँटनी (परजीवीच्या विभागून वाढणाऱ्या रूपांनी) त्या तुंबतात, फुप्फुसात पाणी भरतं. लाल पेशींत परजीवी दिसायच्या आत पिलू धापा टाकून जातं. म्हणून मेलेल्या पिलाच्या या तिन्ही अवयवांचे ठसे काचेवर घ्याच. उपचारातही नुसती क्लोरोक्वीन अपुरी, ती रक्तातल्या परजीवीवर चालते. ऊतकासाठी प्रायमाक्वीन जोडीला लागते.

पांढऱ्या पेशी: बलकातून आलेलं आयजीवाय, म्हणजे आईची अँटिबॉडी, काही आठवड्यांत ओसरतं, पिलाची स्वतःची परजीवीशी ओळख अजून झालेली नसते. त्या फटीत पहिला संसर्ग झाला की प्लीहा सुजते आणि जगण्या-मरण्याची शर्यत लागते. जे वाचतात त्यांच्यात परजीवी थोडा थोडा मागे राहतो आणि तोच पुढच्या हल्ल्याला आवर घालतो. पिसं गळण्याच्या काळात किंवा ताणात तो पुन्हा उसळू शकतो. अँटिबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे पक्षी सुरक्षित, असं सेमिनारमध्ये लिहू नका. परजीवीशी कधीतरी गाठ पडली होती, इतकाच त्याचा अर्थ.

गोदाकाठ: आणि कबुतरं?

स्लाइडवाला: हात बसेल, पण तिथे बहुधा हिमोप्रोटियस हा प्लास्मोडियमचा भाऊबंद परजीवी भेटेल. तो डास नव्हे, कबुतरमाशी पसरवते. परजीवीचं गडद रंगद्रव्य दोघांतही दिसतं, पण रक्तात शायझाँट असला तरच प्लास्मोडियम. पंखाच्या शिरेतला ताजा थेंब, पातळ फिल्म, लगेच वाळवा. रक्त नळीत रेंगाळलं तर गॅमिटोसाइटचं (परजीवीच्या लैंगिक रूपाचं) रूप पालटतं. मिथेनॉलमध्ये एक-दोन मिनिटं, मग १० टक्के गिम्झा रंग, पीएच ७.२, ४० मिनिटं. जाड फिल्म करू नका, पक्ष्याच्या लाल पेशींना केंद्रक असतं, सगळा चिखल होतो.

पांढऱ्या पेशी: रोनाल्ड रॉसनी १८९८ साली कलकत्त्यात मलेरियाच्या परजीवीचा डासातला प्रवास पक्ष्यांवरच उलगडला. पण आता चिमणी-कावळ्याचं रक्त घ्यायचं तर आधी वनखात्याची परवानगी. डास मात्र तुमच्याकडे हवे तेवढे. जलपर्णीत अडकलेल्या सांडपाण्यात पोसणारा क्युलेक्स क्विंक्वेफॅसिएटस हा रेलिक्टमचा जुना वाहक. रात्री चावतो, म्हणून जिथे पेंग्विन ठेवतात तिथे पिलांना संध्याकाळपूर्वीच जाळीत घेतात.