मायरहॉफर: श्रेय एकट्या प्रोफाइलचं नाही

अमेरिकेत एका लहान मुलीचं अपहरण करणाऱ्या मायरहॉफरबद्दल 'प्रोफाइल (म्हणजे गुन्ह्यावरून बांधलेलं गुन्हेगाराचं मानसिक वर्णन) तयार झालं आणि तो सापडला' असं सांगितलं जातं, ते अर्धंच खरं आहे. एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेतल्या हॉवर्ड टेटन आणि पॅट्रिक मुलानी यांनी हे वर्णन अचूक बांधलं होतं, पण डेव्हिड मायरहॉफर आधीपासूनच संशयितांत होता. अडचण वेगळी होती. तो लाय डिटेक्टर आणि ट्रुथ सीरम (खरं बोलायला लावतं असं मानलं जाणारं औषध) अशा दोन्ही चाचण्यांतून सहीसलामत सुटला, आणि स्थानिक पोलिसांचा संशय मावळला. (नार्को म्हटलं की निकालच लागला, असं आपल्याकडेही कित्येकांना वाटतं.) अशा मनोवृत्तीचा माणूस चाचणीला सहज चकवतो, हे एफबीआयच्या या लोकांनी धरून ठेवलं, हे त्यांचं खरं मोठेपण.

त्यांनी दिलेला सल्ला त्याहून मोलाचा: अपहरणाच्या वर्षदिनी तो मुलीच्या घरी फोन करील, टेपरेकॉर्डर तयार ठेवा. जून १९७३ मध्ये मोंटाना राज्यात तंबूतून पळवलेल्या त्या सात वर्षांच्या मुलीच्या आईला बरोबर वर्षाने, रात्री, त्याचा फोन आला. त्याने तिला डिवचायलाच फोन केला होता. ती चिडली नाही. तिने मायेने त्याची विचारपूस केली, तासाभराहून जास्त वेळ त्याला बोलतं ठेवलं, आणि शेवटी तोच रडला. पुढे त्याचा आवाजही तिनेच ओळखला. झडतीचा मार्ग मोकळा झाला तो त्यानंतर. त्याने चार खून कबूल केले आणि कोठडीतच गळफास घेतला. या प्रकरणात त्या आईचं नाव टेटनच्या बरोबरीने घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.