घरकुलात देखभालीची वर्गणी थकली, थकबाकीदाराचं पाणी तोडायचं का?

सेक्रेटरी_कुंभारी:
नमस्कार. सोलापूरजवळच्या कामगार घरकुलात आमची इमारत आहे. तळमजला आणि वर दोन मजले, 36 घरं. बहुतेक घरांत बायका विड्या वळतात, गडी माणसं यंत्रमागावर नाहीतर सेंट्रिंगच्या कामावर. ताबा मिळाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आपला वाटा भरला, आता खर्च संपला. पण आता पाण्याची मोटर जळालीय, जिन्यातले दिवे बंद आहेत आणि गच्चीवर एका कोपऱ्यात पाणी साचायलंय. महिन्याला 300 रुपये वर्गणी ठरवली. निम्मी घरंसुद्धा देत नाहीत.

कमिटीतले दोघं म्हणायलेत, थकबाकीदारांचा व्हॉल्व बंद करा, दोन दिवसांत पैसे येतील. माझं मन होईना. माझ्या समोरच्या घरातली मावशी सकाळपासून मांडीवर सूप घेऊन बसते. संध्याकाळी कारखान्याच्या ब्रँचमध्ये विड्या देताना छाट निघाली, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला काढल्या, की तेवढी मजुरी गेली. तिचं पाणी मी कुठल्या तोंडानं तोडू? कायद्यात हे बसतं का? नसेल तर पैसे आणायचे कुठून?

हिशेबतपासनीस_सोलापूर:
ताई, पाणी तोडू नका. संस्थेला तो अधिकारच नाही. थकबाकीसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 मध्ये कलम 154 ब-29 आहे: निबंधकाकडे (सहकारी संस्थांवरचा सरकारी अधिकारी) अर्ज करून वसुलीचा दाखला घ्यायचा, मग जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. 2014 च्या आदर्श उपविधीत, म्हणजे संस्थांसाठीच्या नमुना नियमावलीत, थकबाकीवर सरळ व्याज वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत लावता येतं. पण ही वरची हद्द झाली. सर्वसाधारण सभेत कमी दर ठरवा, विडी कामगारावर 21 टक्के लावायचं काही कारण नाही.

आता खरी गोष्ट 300 रुपयांची. उपविधीप्रमाणे दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) किमान 0.25 टक्के, दोन्ही दरसाल. घराचा बांधकाम खर्च 5 लाख धरला तर वर्षाला 3,750 आणि 1,250, म्हणजे महिन्याला साधारण 417 रुपये. मोटरचं बिल, झाडलोट, टाकी धुणं हे सगळं त्याच्यावर. तुमच्या 300 मध्ये गच्चीचा पैसा कधी साठणारच नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख येतो, तो घर उभारायला. ते घर पुढची तीस वर्षं टिकवायला त्यातला रुपया नसतो, आणि घरं देणाऱ्या यंत्रणांनी हेच पहिल्या दिवशी लाभार्थ्यांपुढे मांडायला हवं. किल्ली देताना संस्थेची नोंदणी, बँक खातं आणि उपविधी समजावून सांगणारी एक बैठक, एवढं तरी सक्तीचं असावं असं माझं ठाम मत आहे.

आणि ताई, वसुली पहिल्या तारखेला करू नका. ज्या घरात आठवड्याचा पगार येतो तिथं महिन्याचे पैसे एकदम निघत नाहीत. पगाराच्या संध्याकाळी आठवड्याचे 100 मागा. छापील पावती तिथल्या तिथं फाडा आणि इमारतीखाली जमा-खर्च लावा. मोटर रिवाइंडिंगचं बिलही तिथंच चिकटवा.

गोदूताई_वसाहत:
आमच्या वसाहतीतली दहा हजार घरं 2006 साली मिळाली, पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. पण आमची बैठी घरं. छत गळलं तर ज्याचं त्यानं बघायचं. तुमच्या कुंभारीच्या रे नगरात 30,000 घरांचा प्रकल्प, त्यातली 15,000 घरं 19 जानेवारी 2024 ला दिली, ती मजल्यांची. सामाईक गच्ची, सामाईक मोटर हा आपल्या लोकांना नवाच प्रकार आहे. म्हणून लोकांना दोष देऊ नका, समजवायला वेळ द्या. नोटीस मराठीत लावलीत का फक्त? तेलुगू आणि कन्नडमध्ये पण लावा, आणि बायकांच्या बैठकीत वाचून दाखवा. आमच्याकडं अर्ध्या बायका अशाच बैठकीला येतात, सभेला नाही.

मध्यमवर्ग_जुळे_सोलापूर:
कोणी घर भाड्यानं दिलं असेल तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घ्यायची जादा रक्कम) लावा, सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. योजनेच्या अटीत भाड्यानं द्यायला परवानगी आहे का, ते आधी करारात बघा.

सेक्रेटरी_कुंभारी:
सगळ्यांचे आभार. व्हॉल्वचा विषय मी कमिटीत बंदच करते. शनिवारपासून आठवड्याची पावती सुरू करू. आमच्या इमारतीत तेलुगू लिहिता येणारी एक मुलगी बारावीला आहे, नोटीस तिच्याकडून लिहून घेते. एकच राहिलं: जिन्यातल्या दिव्याचं मीटर अजून ठेकेदाराच्या नावावर आहे. ते कसं बदलायचं?

हिशेबतपासनीस_सोलापूर:
महावितरणकडे नावबदलाचा अर्ज करा. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, कमिटीचा ठराव आणि शेवटचं बिल जोडा. मीटरची जुनी थकबाकी असेल तर ती कोणाची, हे आधी लेखी ठरवून घ्या, सही त्यानंतर.