टाकी गळली, पेट्रोल भूजलात उतरलं: जंतूंवर सोडायचं का?

मुरूमवाला: निपाणी-बेळगाव पट्ट्यात पंपाची जमिनीखालची टाकी गळली की एकच ओरड, 'सगळी माती उपसा'. माझं मत वेगळं. गळती थांबवा, पाण्यावर तरंगणारं पेट्रोल ओढून घ्या, उरलेलं जमिनीतल्या जंतूंवर सोडा, ते पेट्रोल खातात. अमेरिकेत मिनेसोटातल्या बेमिजीजवळ १९७९ साली तेलवाहिनी फुटून सुमारे १७ लाख लिटर कच्चं तेल सांडलं. पाण्यात विरघळलेलं बेंझीन (कच्च्या तेलात आणि पेट्रोलमध्ये असणारा विषारी घटक) भूजलाच्या वेगानं पुढं गेलंच नाही, बरंचसं वाटेतच फस्त झालं. खानापूरकडच्या जांभ्यात तर लोह भरपूर; प्राणवायू संपला की जंतू त्यावर निभावतात.

भेग_बेसॉल्ट: बेमिजीला खाली वाळू आहे ओ! आणि तिथं तेल अजून आहेच की. आपल्याकडं काळी माती, मुरूम, मग भेगाळ खडक. भेगेतून पाणी पळतं, जंतूंना जेवायला वेळ कुठला? हिशेबच बघा: १ मिलीग्रॅम बेंझीन संपवायला ३ मिलीग्रॅम प्राणवायू. पाण्यात तो लिटरला फार तर ८. म्हणजे अडीच मिलीग्रॅमवर खेळ खलास, आणि पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलीग्रॅम.

मुरूमवाला: उसाच्या फडातलं खताचं नायट्रेट विसरलात. प्राणवायूच्या जागी तेही जंतूंना चालतं.

भेग_बेसॉल्ट: टोल्युइनसाठी, म्हणजे पेट्रोलमधल्याच बेंझीनच्या भाऊबंदासाठी, चालतं. बेंझीन प्राणवायूविना हटून बसतं.

मळीवाला: दोघंही इथेनॉल विसरलात. पेट्रोलमध्ये आता २० टक्के, त्यातलं काही आपल्याच कारखान्यांचं! जंतू आधी तेच खातात, प्राणवायू तिथंच उडतो आणि बेंझीनची शेपटी, म्हणजे भूजलात पुढं पसरलेला पट्टा, लांबते. जुने अंदाज बिनइथेनॉलच्या पेट्रोलचे आहेत.

मुरूमवाला: हे मान्य. म्हणून तर मोजायचं. भूजलाच्या नमुन्यासाठी ४० मिलिलिटरची बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा एकही नको, नाहीतर बेंझीन त्यात निघून जातं. थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल, मग बर्फात. नितळ पाणी हवा लागताच तांबूस झालं तर खाली लोह विरघळतंय, म्हणजे जंतू कामाला लागलेत.

भेग_बेसॉल्ट: आणि ऑगस्टमध्ये आकडा उतरला की 'साफ झालं' म्हणायचं? ते पावसानं पातळ झालेलं असतं. प्रत्येक नमुन्याबरोबर पाण्याची पातळी लिहा, मे महिन्यातलाही नमुना घ्या. शेजारच्या मळ्यात साडेसात एचपीची मोटर चालू असेल तर बेंझीन उतार बघत नाही, मोटरकडं जातं. आधी ती बोअर तपासा.