शब्दचर्चा : ‘ऐकणे’ आणि ‘ऐकून घेणे’

प्रश्न : आमच्या शास्त्राभ्यासाला, म्हणजे बायबलच्या अभ्यासाला, ख्रिस्ती नसलेले मित्रही येऊ लागले आहेत. त्यांच्यासाठीच्या निमंत्रणात एकाने ‘प्रभूचे वचन खुल्या मनाने ऐका’ असे सुचवले आहे. त्यातले ‘ऐका’ मला खटकते, पण का ते नेमके सांगता येत नाही. शिवाय पुढे ‘साक्ष’ (आपल्या श्रद्धेचा अनुभव सांगणे) म्हणावे की ‘चर्चा’?

उत्तर : खटकते ते योग्यच आहे. मराठीत ‘ऐकणे’ कानापाशी थांबत नाही. ‘तो माझं ऐकत नाही’ म्हणजे सांगितलेले करत नाही. हिब्रूतल्या ‘शमा’ या क्रियापदालाही ऐकणे आणि मानणे असे दोन्ही अर्थ आहेत, त्यामुळे वचनात हा दुहेरीपणा शोभतो. पण पाहुण्याला ‘ऐका’ म्हटले की ‘माना’ त्यात आधीच येऊन बसते.

‘ऐकून घेणे’त ही सक्ती नाही. समोरच्याला मध्येच तोडायचे नाही, त्याचे पुरते होऊ द्यायचे. पटलेच पाहिजे अशी अट नाही. ‘चार शब्द ऐकून घेतले’ यात थोडे सोसणेही येते, आणि श्रद्धेच्या बोलण्यात तेही लागते. मुख्य म्हणजे हे पाहुण्याने नव्हे, आधी आपण करायचे आहे. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या 18व्या अध्यायात पुरते ऐकण्याआधी उत्तर देणाऱ्याला मूर्ख म्हटले आहे.

बायबलमधल्याच प्रेषितांच्या कृत्यांतला 8वा अध्याय पाहा. इथिओपियाच्या राणीचा अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचतो आहे. येशूचा संदेश सांगणारा फिलिप्प धावत जवळ जातो, अधिकाऱ्याचे वाचन त्याच्या कानी पडते, आणि फिलिप्पाचे पहिले वाक्य प्रश्नाचे आहे : वाचता ते समजते का? मग तो अधिकारी विचारतो की संदेष्टा हे स्वतःविषयी बोलतो की दुसऱ्या कोणाविषयी. फिलिप्प बोलायला सुरुवात करतो ती नेमक्या त्याच उताऱ्यापासून. ठरवून आणलेले प्रवचन त्याने बाजूला काढले नाही. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो.

आणखी एक मत : ‘खुले’ काय किंवा ‘मोकळे मन’ काय, हा शब्दच मला अडतो. ज्याची ख्रिस्तावर श्रद्धा आहे त्याचे मन मोकळे कसे? हे सोंग होणार नाही का?

उत्तर : मोकळे म्हणजे रिकामे नव्हे. आपण मन मोकळे करतो तेव्हा आत जे भरले आहे तेच बाहेर काढतो. म्हणून श्रद्धा लपवून तटस्थतेचा आव आणणे हेच खरे सोंग. ‘मी ख्रिस्ताला प्रभू मानतो, तुम्हीही मानावे असे मला वाटते’ हे पहिल्या भेटीतच सांगून टाकावे. बोलायचे ते मनमोकळेपणाने, ऐकायचे ते मोकळ्या मनाने. दोन्ही प्रयोग मराठीत रुळलेले आहेत. ‘खुल्या मनाने’ चालते, पण ‘मोकळ्या’ला जास्त आपलेपणा आहे.

आता ‘साक्ष’. साक्षात पाहणारा तो साक्षी, असे पाणिनीचे सूत्रच आहे. म्हणजे साक्ष पाहिल्या-अनुभवल्यापुरतीच देता येते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात येशूने दृष्टी दिलेल्या जन्मांधाला यहुदी पुढारी सांगतात की येशू पापी आहे हे आम्हांला ठाऊक आहे. ते मला ठाऊक नाही, तो म्हणतो. मी आंधळा होतो आणि आता मला दिसते, एवढे ठाऊक आहे. इतकी स्वच्छ साक्ष दुसरी सापडणे कठीण. आणि साक्ष म्हटली की उलटतपासणी आलीच. जो प्रश्न घेत नाही तो साक्ष देत नाही, घोषणा करतो. दुःख का, प्रार्थना निष्फळ का, इतर धर्मांचे काय, हे प्रश्न येणारच. उत्तर नसेल तिथे ‘मला माहीत नाही’ म्हणावे.

पूरक : ‘वाद’ शब्द मुळात वाईट, असे मात्र नाही. प्राचीन भारतीय न्यायशास्त्रात, म्हणजे तर्कशास्त्रात, तत्त्व जाणण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प आणि स्वतःची बाजूच न मांडता केवळ खोडत राहणे ती वितंडा. आज बोलीत ‘वाद’ भांडणाकडे झुकला आहे, म्हणून निमंत्रणात ‘चर्चा’ बरी. ‘संवाद’ गोड आहे, पण त्यात मतभेद बुडून जातात.

प्रश्नकर्ता : मग असे लिहितो : ‘येशूविषयी आम्हांला काय वाटते ते सांगू, तुम्हांला काय वाटते ते ऐकून घेऊ. शंका, आक्षेप जरूर मांडा.’

उत्तर : उत्तम. फक्त क्रम उलटा करा; तुमचे ‘ऐकून घेऊ’ आधी येऊ द्या.