ग्लो इंजिनच्या (मिथेनॉलवर चालणारं छोटं इंजिन) फायबरग्लास रिमोट-कंट्रोल मॉडेल विमानाची बॉडी तडकली, रिपेअर आणि रंग कसा करू?

लँडिंगला विमान आपटलं आणि शेपटीजवळ बॉडीला आडवी चीर गेली, रंगाचेही पोपडे निघाले. ५ मिनिटांत घट्ट होणारं इपॉक्सी (दोन भाग मिसळायचा गोंद) भरून वरून स्प्रे मारला तर चालेल का?

प्रतिसाद १: नको दादा! नुसतं वरून भरलं तर परत तिथेच तडकणार. आतून ८० नंबर पॉलिश पेपरने खरवडा, आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा, मग ५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ५० ग्रॅम) ग्लास कापडाचे दोन थर स्लो, म्हणजे सावकाश घट्ट होणाऱ्या इपॉक्सीत भिजवून लावा आणि जास्तीचं इपॉक्सी टिपून घ्या, कारण शेपटीत १० ग्रॅम वाढले की तोल साधायला नाकात त्याच्या दुप्पट-तिप्पट शिसं घालावं लागतं. २४ तास हात लावू नका.

प्रतिसाद २: बरोबर. बाहेरून इपॉक्सीत मायक्रोबलून (बारीक पोकळ गोळ्यांची पूड) कालवून भरा, हलकं होतं आणि छान घासलं जातं. रंगाआधी इपॉक्सीवरचा तेलकट थर साबणपाण्याने धुवा नाहीतर प्रायमर धरणारच नाही, मग ४०० नंबर पाणी पेपर. आणि ग्लो इंजिन आहे ना, साधा स्प्रे इंधनातल्या मिथेनॉल-नायट्रोने विरघळतो, हार्डनरवाला टूके पीयूच (दोन भाग मिसळायचा पॉलियुरेथेन रंग) मारा, पण मास्क घालून, त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसांना फार वाईट.

प्रतिसाद ३: उडवण्याआधी सीजी (विमानाचा तोल जिथे साधतो तो गुरुत्वमध्य) नक्की बघा!