विषय: रविवारची उपासना, लहान मुले आणि बालवर्गाची वेळ

प्रेषक: दोन लहानग्यांची आई

सर्वांना सप्रेम नमस्कार.

आम्ही रविवारी सहकुटुंब चर्चला जायला सुरुवात करणार आहोत, असे मी मागच्या महिन्यात इथे लिहिले होते. तेव्हा ज्यांनी वेगळे पत्र पाठवून धीर दिला, त्यांचे आभार मानायचे राहून गेले. आता चार रविवार झाले आहेत आणि एक अडचण सर्वांपुढे मांडल्याशिवाय सुटेल असे वाटत नाही. उपासना दहाला सुरू होऊन सव्वाअकराला संपते, आणि आपल्या मंडळाचा मराठी शिकवणारा बालवर्ग साडेदहाला भरतो. मोठीला पाच पूर्ण झाली आहेत, धाकटा सव्वादोन वर्षांचा आहे.

मी लहानपणी दर रविवारी चर्चला जात असे. पुढे लग्न, नोकरी आणि स्थलांतर यांत ते सुटले. यजमानांच्या घरी ही परंपरा नाही, पण ते आमच्याबरोबर येतात आणि शेवटपर्यंत बसतात. माझे वडील गेल्यावर मोठीने विचारले की आजोबा आता कोणाशी बोलतात. मी काहीतरी उत्तर दिले. पण असा प्रश्न जिथे मोकळेपणाने विचारता येतो आणि ज्याच्या उत्तरासह लोक आयुष्यभर जगतात, अशी जागा मी तिला दाखवलेलीच नाही, हे त्या दिवशी मनाला फार लागले.

दुसरी अडचण उपासनेच्या आतली आहे. गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी सर्वांना काही क्षण मूक प्रार्थना करायला सांगितली आणि नेमकी तेव्हाच धाकट्याच्या हातातली लोखंडी मोटार सुटून लाकडी जमिनीवरून, बाकांखालून, तीन रांगा पुढे घरंगळत गेली. त्या शांततेत तिची चाके कितीतरी वेळ वाजत होती. पुढच्या बाकावरच्या आजींनी वाकून ती उचलली, मागे न पाहताच हात मागे केला आणि मोटार हातोहात आमच्यापर्यंत आली. कोणी कपाळाला आठी घातली नाही. तरीही मी त्याला उचलून बाहेर गेले आणि उरलेली उपासना दाराच्या काचेतून पाहिली. प्रवचनाच्या वेळी लहान मुलांना शेजारच्या खोलीत संडे स्कूलसाठी, म्हणजे मुलांच्या बायबलच्या वर्गासाठी, नेतात. मोठी तिथे जायला तयार नसते, माझा पदर सोडत नाही. तिला आग्रह करावा, की जवळच बसू द्यावे? ज्यांनी या वयाची मुले नेली आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रेषक: बालवर्ग संयोजक

नमस्कार ताई.

तुमच्या निर्णयाबद्दल मला आदर आहे, हे आधी सांगते. परंतु बालवर्ग रविवारी साडेदहालाच का भरतो, हे नव्या सभासदांना माहीत नसावे. सभागृह आपल्याला त्याच वेळेत मिळते आणि तीन शिक्षिका त्याच वेळेत मोकळ्या असतात. मागच्या वर्षी पोहण्याच्या शिकवणीमुळे चार मुले पाऊण तास उशिरा येऊ लागली आणि त्या गटाचे पुढे काय झाले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. तुमच्या मुलीच्या गटात सध्या काना, मात्रा आणि वेलांटी चालू आहे. या टप्प्यावर एक रविवार चुकला की पुढचे दोन रविवार ते मूल पाटीकडे नुसते पाहत बसते.

अनेक चर्चमध्ये शनिवारी सायंकाळीही उपासना असते, असे मी ऐकले आहे. ते जमत नसेल तर एक रविवार तिथे आणि एक रविवार इथे, असे करता येईल. मुले अजून लहान आहेत. इतक्या लहान वयात दर आठवड्याला गेलेच पाहिजे, असा नियम असेल असे मला वाटत नाही.

प्रेषक: माजी कोषाध्यक्ष

संयोजक ताईंच्या शेवटच्या दोन मुद्द्यांवर लिहितो, कारण आम्ही कॅथलिक असल्यामुळे ते दोन्ही आमच्या घरात पूर्वीच येऊन गेले आहेत.

शनिवारी सायंकाळची मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, आमच्याकडे रविवारची म्हणूनच धरली जाते, हे बरोबर आहे. पण या ताई प्रॉटेस्टंट मंडळीत जातात आणि तिथे शनिवारी उपासना असेलच असे नाही. नियमाचे म्हणाल, तर आमच्या धर्मसभेच्या कायद्याने सात वर्षे पूर्ण झाल्यावरच मूल रविवारच्या बंधनात येते. पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठीही, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्यासाठीही, साधारण सात हेच समजुतीचे वय मानले जाते. त्याआधी पुष्कळ ठिकाणी मुलांना दहा-बारा वर्षांपर्यंत थांबवत असत आणि पोप दहावे पायस यांनी १९१० साली ती प्रथा बंद केली. तेव्हा दोन वर्षांच्या मुलाला बाहेर न्यावे लागले म्हणून कोणतेही कर्तव्य चुकत नाही. त्या काचेमागे उभ्या असताना ताईंच्या मनाला टोचणी लागली असेल, तर ती त्यांनी खुशाल काढून टाकावी.

तरीही एकाआड एक रविवार हा तोडगा मला मान्य नाही. आम्ही तो सहा महिने करून पाहिला. दर शनिवारी रात्री मुले विचारत, ‘उद्या जायचे आहे का?’, आणि प्रश्न विचारला गेला की त्यावर वाटाघाट सुरू होई. दर रविवारी जायला लागल्यावर तो प्रश्नच उरला नाही. लहान मुलांना आठवड्याची गणना कळत नाही, पण रविवार उजाडला की काय करायचे हे अंगवळणी पडते, आणि ज्या गोष्टीचे काही अप्रूप वाटत नाही तिथे ती शांतही बसतात.

बसण्याविषयी माझे मत ठाम आहे: पहिल्या किंवा दुसऱ्या रांगेत बसावे. मागे बसलेल्या मुलाला फक्त मोठ्या माणसांच्या पाठी दिसतात. पुढे बसल्यावर आमचा मुलगा मेणबत्त्या पेटवणाऱ्याला, वाचन करणाऱ्याला, फादरांच्या हातांना पाहत असे आणि मी कानात एवढेच सांगत असे की, आता बघ, ते भाकर वर उचलतील. रडू आले तर बाहेर न्यावे, पण शांत झाल्यावर लगेच परत आणावे. बाहेर खेळायला मिळते हे एकदा कळले, की रडण्याला नवे कारण मिळते.

प्रेषक: ग्रंथालय

फक्त पुढच्या रांगेविषयी. कोषाध्यक्षांचा मुलगा आवाजाला घाबरत नव्हता, म्हणून त्यांना ते साधले. माझ्या नातीला ऑर्गनच्या पहिल्या सुराबरोबर कान झाकून घ्यावे लागतात आणि पुढून दारापर्यंत तिला नेताना सगळ्यांच्या नजरा झेलाव्या लागतात, त्यामुळे सूनबाई दोन वेळा गेली आणि नंतर तिने जाणेच सोडले. मग कडेच्या वाटेलगतचा, दारापासून तिसरा बाक आम्ही कायमचा धरला. तिथून वेदीही दिसते आणि दोन पावलांत बाहेर पडता येते. काही चर्चमध्ये रडणाऱ्या मुलांसाठी काचेची वेगळी खोली असते. तिथे प्रवचन ध्वनिक्षेपकावरून ऐकू येते असे सांगतात. आमच्या अनुभवात तो बहुतेक वेळा बंदच असे आणि आत सगळ्या आया एकमेकींशी बोलत असत. ज्यासाठी घरातून निघालो ते तिथे काहीच मिळत नाही.

प्रेषक: नाट्यविभाग

ताईंनी यजमानांचा उल्लेख एका ओळीत केला आहे. मी त्याविषयी लिहितो, कारण आमच्या घरी मी तो यजमान आहे. माझी पत्नी ख्रिस्ती आहे, मी नाही, आणि नऊ वर्षे मी दर रविवारी तिच्या शेजारी बसतो.

अडचण गाण्याची किंवा उभे राहण्याची येत नाही. ती प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, वेळी येते. सगळी रांग उठते आणि मी एकटा बाकावर राहतो. धाकटी चार वर्षांची असताना तिने सर्वांदेखत विचारले, ‘बाबा का येत नाहीत?’ त्या वेळी मी तिला गप्प केले आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. घरी आल्यावर आम्ही दोघांनी मिळून तिला सांगितले की आई येशूवर विश्वास ठेवते म्हणून ती ते घेते. बाबांचा तसा विश्वास नाही, म्हणून घेतल्याचे सोंग करणे त्यांना बरोबर वाटत नाही. पण आईला आणि तुला जे प्रिय आहे ते त्यांना मोलाचे वाटते, म्हणून ते येतात. तिला ते पटले. त्यानंतर मी पाळकांना भेटून माझी स्थिती स्पष्ट सांगितली. ते म्हणाले की पुढे येऊन हात छातीवर घडी घालून उभे राहिलात, तर तुमच्यासाठी केवळ आशीर्वादाची प्रार्थना करू. ही पद्धत सर्व चर्चमध्ये असतेच असे नाही, तेव्हा आधी विचारून घ्यावे.

बाप्तिस्म्याविषयीही आधीच बोलून ठेवा. काही मंडळ्या बालकांना बाप्तिस्मा देतात, तर बॅप्टिस्टांसारख्या काही मंडळ्या मूल मोठे होऊन स्वतः विश्वास कबूल करीपर्यंत थांबतात आणि लहानपणी केवळ समर्पणाची प्रार्थना करतात. पाचव्या रविवारी कोणीतरी सहज विचारील आणि तुम्ही दोघे वेगवेगळी उत्तरे द्याल, असे होऊ नये.

प्रेषक: सल्लागार

सर्वांस सलाम.

नाट्यविभागाच्या प्रामाणिक पत्रावरून लक्ष्मीबाई टिळकांची आठवण झाली. त्यांचे यजमान, कवी नारायण वामन टिळक, यांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षे त्या माउलीने आपल्या पायांनी चालून पार केली, त्यांना कोणी ओढून नेले नाही, आणि म्हणूनच पुढे त्यांचा विश्वास त्यांचा स्वतःचा राहिला. घरात दोघांची पावले एका वेळी पडत नसतील, तर घाई करू नये.

संडे स्कूलविषयी संयोजक ताईंना एक गोष्ट सांगावीशी वाटते. रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावी जी रविवारची शाळा सुरू केली, ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या मुलांसाठी होती आणि तिथे मुलांना वाचायला शिकवत. म्हणजे तुमचा बालवर्ग आणि ती शेजारची खोली ही एकाच कुळातली भावंडे आहेत. त्यांच्यात स्पर्धा मानण्याचे कारण नाही.

परंतु ताई, मुलीला त्या खोलीत ढकलू नका. एखाद्या रविवारी तुम्ही स्वतः तिच्याबरोबर जाऊन कोपऱ्यात बसा, पुढच्या वेळी दारापाशी बसा, आणि तिने तुमच्याकडे वळून पाहणे थांबवले की मग उठा. आमच्या मुलांना यासाठी सहा आठवडे लागले. आणि उपासनेची ओळख घरी करून द्या. प्रॉटेस्टंट सुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ साली ख्रिस्ती शिकवणीची जी लहान प्रश्नोत्तरी लिहिली, ती घरच्या कर्त्या माणसाने आपल्या घरच्यांना शिकवावी याच हेतूने. मुलांचे शिक्षण पाळकावर सोपवून मोकळे व्हावे, असे त्याला वाटत नव्हते. रात्री निजवताना प्रभूची प्रार्थना मराठीत सावकाश म्हणा. टिळकांचे एखादे भजन रोज एकच, तेच ते, म्हणा. चर्चमधली भाषा वेगळी असली, तरी तिथे सगळे एका सुरात प्रार्थना म्हणू लागले की मुलीला कळेल, ही तर आपली रात्रीची प्रार्थना आहे. वाचून दाखवायला शास्त्र मराठीत आहेच. पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबलचे भाषांतर साध्या माणसाला कळावे अशा मराठीत व्हावे म्हणून शेवटपर्यंत काम केले आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. संयोजक ताई, त्या मुलीचे काना-मात्रा या वाटेनेही पक्के होतील.

आणि त्या मोटारीविषयी. बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात लोक बालकांना येशूकडे आणतात, शिष्य त्यांना दटावतात, आणि येशूला शिष्यांचा राग येतो. तिथे मुले शांत बसली होती असे कुठेही लिहिलेले नाही. मोटार मात्र कापडाची आणा.

प्रेषक: बालवर्ग संयोजक

सल्लागार काकांच्या पत्राने माझे समाधान झाले, परंतु वेळेचा प्रश्न त्याने सुटत नाही. मी तिन्ही शिक्षिकांशी बोलले. तिसरीला दुपारी थांबणे शक्य नाही. लहान गट तेवढा पावणेबाराला घेता येईल, मात्र पालकांनी वेळेवर यावे आणि ही सवलत इतर शिकवण्यांसाठी मागू नये.

प्रेषक: सचिव

सभागृहाची किल्ली दीड वाजेपर्यंत आपल्याकडे असते. लहान गट पुढचे दोन महिने पावणेबाराला भरेल. वेळ कायमची बदलण्याचा निर्णय समितीच घेईल. त्यावर इथे चर्चा नको.

प्रेषक: दोन लहानग्यांची आई

संयोजक ताई, आपण शिक्षिकांशी स्वतः बोललात, याचे ऋण मी विसरणार नाही. आम्ही पावणेबाराच्या आत पोहोचू.

काल आम्ही ग्रंथालयाच्या काकूंनी सांगितल्याप्रमाणे कडेच्या वाटेलगतचा तिसरा बाक घेतला. धाकट्याला दोनदा बाहेर न्यावे लागले. दुसऱ्या वेळी ते यजमानांनी आपणहून केले, आणि तो शांत होताच ते त्याला घेऊन परत आले. मोठीबरोबर मी त्या खोलीत गेले. तिथे मेंढपाळाची गोष्ट चालू होती आणि हरवलेले मेंढरू कागदातून कापायचे होते. तिने माझ्या मांडीवर बसूनच ते कापले, एकही शब्द बोलली नाही, आणि घरी येताना ते मला धरायला दिले नाही.

प्रभूच्या प्रार्थनेला अजून आठवडा झालेला नाही, म्हणून काल तिला ती ओळखता आली नाही. नाट्यविभागाच्या बंधूंनी लिहिलेला बाप्तिस्म्याचा विषय आम्ही रात्री काढला. यजमान म्हणाले की त्यांना पाळकसाहेबांना काही प्रश्न विचारायचे आहेत आणि ते त्यांना एकट्यानेच भेटणार आहेत. मी बुधवारची वेळ मागून घेतली आहे.