फॉरवर्ड करण्याआधी पोरं काय बघतात? गोव्यातल्या मुस्लिम घरांचे अनुभव

रमजान जवळ आला की चंद्राच्या आधी फॉरवर्ड उगवतात. घरात, मदरशात, शाळेत तुम्ही मुलांना खातरजमा करायला कसं शिकवता? घडलं तसं लिहा. उपदेश आपल्याकडे भरपूर आहे.

डिचोलीची अम्मी
२८ फेब्रुवारी २०२५, रमजानच्या आधीच्या शाबान महिन्याची एकोणतीस. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची नमाज होते न होते तोच खानदानाच्या ग्रुपवर पत्र आलं. लेटरहेड, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. चांद दिसला, उद्या पहिला रोजा. नणंदेने सहरीची, पहाटेच्या रोजाआधीच्या जेवणाची, तयारीही सुरू केली. माझी मुलगी नववीत. तिने पत्र बोटांनी मोठं केलं आणि म्हणाली, "अम्मी, इथे हिजरी साल १४४५ आहे. आता तर १४४६ चाललंय ना?" भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिलं. पत्र खरं होतं, पण मागच्या साली निघालेलं. वरची इंग्रजी तारीख कुणीतरी बेमालूम कापली होती.

खरा पेच पुढे. पत्र टाकलं होतं बडे अब्बांनी. चारचौघांत त्यांना खोटं कसं पाडायचं? मी म्हटलं, ग्रुपवर काही लिहू नकोस, फोन लाव. "बडे अब्बा, सलाम. हे पत्र तुम्हाला कुणी पाठवलं?" तिने एवढंच विचारलं. त्यांनी चष्मा लावून पुन्हा वाचलं, पत्र काढून टाकलं आणि खाली स्वतःच लिहिलं, 'मशिदीतून ऐलान होईस्तोवर थांबा.' त्या रात्री चांद दिसलाच नाही. पहिला रोजा २ मार्चला झाला. साल ओळखणं सोपं हो, अदब सांभाळून विचारणं पोरांना अवघड जातं.

वास्को, बारावीत आहे
तुमचे बडे अब्बा भले दिसतात. आमच्याकडे विचारलं की "चार बुकं शिकलास म्हणून आम्हाला शिकवतोस?" हे ठरलेलं. मी आता गप्प राहतो, पुढे मात्र पाठवत नाही.

फोंडा, मदरशात शिकवतो
खबर आणणारा भरवशाचा नसेल तर आधी शहानिशा करा, हे कुरआनातल्या सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आहे. मुलांना ती तोंडपाठ असते. फोन हातात आला की आयत राहते बाजूला! म्हणून मी फॉरवर्डच वर्गात आणतो. 'रमजानची खबर सर्वांत आधी देणाऱ्यावर जहन्नमची आग हराम' हा तर दरवर्षी येतो. त्याला ना किताब, ना रावी, म्हणजे ते सांगणारा माणूस. एकदा 'बुखारी शरीफ' (हदीसांचा, म्हणजे पैगंबरांच्या वचनांचा संग्रह) असं लिहून नऊ हजारांच्या घरातला क्रमांक दिलेला आला होता. मी फक्त किताबाचं शेवटचं पान उघडायला लावलं. क्रमांक साडेसात हजारांच्या आसपास संपतात. पोरं खिदळायला लागली. कुणी सांगितलं, त्याने कुणाकडून ऐकलं, तो माणूस कसा, ही विचारपूस हदीस जमवणाऱ्यांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी केली. व्हॉट्सॲपला वेगळा कायदा कशाला?

वाळपई, मराठी शाळेतली बाई
पावसाळ्यात 'उद्या शाळांना सुट्टी' फिरू लागलं की मी वार आणि तारीख जुळते का ते बघायला लावते, मग शिक्षण खात्याचं परिपत्रक. मोठ्या मुलांना राईनपाड्याचंही सांगते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, मुलं पळवणारे समजून जमावाने भटक्या जमातीच्या पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आणली. वर्ग चिडीचूप होतो. मग मेसेजवरचा डबल बाण म्हणजे तो बऱ्याचदा फॉरवर्ड झालेला, हे सांगितलेलं नीट ऐकतात.

साखळीचा अब्बा
एक बाजू राहिली. आपल्या लोकांना बदनाम करणारा व्हिडिओ आला की पोराचं रक्त तापतं. माझ्या मुलाने फ्रेम थांबवून गुगल लेन्सवर, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या सोयीवर, शोधली. व्हिडिओ परदेशातला, जुना निघाला. शाब्बास! पण 'हे खोटं आहे' असं लिहून तो तोच व्हिडिओ दोस्तांच्या ग्रुपांवर टाकायला निघाला होता. तळटीप गळते रे, व्हिडिओ फिरत राहतो. आता कुणी विचारलं तरच तो खरी माहिती लिहून पाठवतो, व्हिडिओ नाही.

वास्को, बारावीत आहे
आणि व्हॉइस नोट? ती लेन्सवर कशी शोधायची?

फोंडा, मदरशात शिकवतो
बोलणारा आपलं नाव सांगतो का ते आधी ऐक. नसेल तर पाठवणाऱ्याला विचार. बहुतेक वेळा 'मलाही आलीय' एवढंच उत्तर येतं.